वय ७८, डोस बेताचा

"संडासला एकट्या जाता का, आजी?"

पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी फाईल अजून टेबलावर मिटलेलीच होती. मग अंघोळ, साडी नेसणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवीवर ताबा, आपल्या हाताने जेवणं. एकेक विचारत ते कागदावर खुणा करत होते. शेजारी थोरल्याची चुळबुळ चाललेली. बोन मॅरोचा रिपोर्ट, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, पेट स्कॅनची सीडी असा सगळा ऐवज त्याच्या मांडीवर, आणि डॉक्टर विचारतायत की आईला साडी कोण नेसवतं. ते झाल्यावर दुसरी यादी निघाली: फोन लावता का, बाजारहाट करता का, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, रिक्षा-एसटीने एकट्या जाणं, औषधं आपली आपण घेणं, पैशांचा व्यवहार.

पैशांवर आले तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, उभा जन्म सहकारी बँकेच्या काउंटरमागे गेला. घरातल्या कुणाची एफडी कधी पिकते ते आजही मला तोंडपाठ आहे." ते हसले आणि त्या ओळीपुढे खूण केली.

मला मल्टिपल मायलोमा आहे. हा रक्ताचाच कर्करोग. हाडांच्या आतल्या मज्जेत प्लाझ्मा नावाच्या पेशी बेसुमार वाढतात, एकाच छापाचं बिनकामाचं प्रथिन रक्तात सोडत राहतात, हाडं पोखरतात आणि मूत्रपिंडांना त्रास देतात. माझी सुरुवात कंबरदुखीने झाली. मी मिरजेची. वॉनलेससाहेबांनी १८९४ मध्ये इथे इस्पितळ काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही लोक इथे औषधपाण्याला येतात. तरी मला बरेच महिने एकच उत्तर मिळत होतं: "आजी, वय झालं आता." पट्टा, कॅल्शियम, वेदनाशामक गोळ्या. हिमोग्लोबिन ७.६ वर आलं तेव्हा लोहाच्या गोळ्या. कोण काय म्हणालं त्याची नावं काढण्यात अर्थ नाही. पण एवढं सांगते. म्हातारपणी कंबर दुखतेच, मान्य. मात्र कंबरदुखी, अ‍ॅनिमिया आणि वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात हे वाढतं) ही तिन्ही एकाच माणसात दिसली की इलेक्ट्रोफोरेसिस नावाची साधी रक्ततपासणी लिहून द्यायला काय हरकत होती? आणि ज्या पेनकिलर मी जेवणानंतर नेमाने घेत होते, त्या मायलोमाच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना फार वाईट, हे नंतर कळलं.

कळलं तेही आडून आडून. घरात ठरलं होतं, आईला सांगायचं नाही. "रक्तात इन्फेक्शन आहे" एवढंच. अहो, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. रिपोर्टवर 'एम-बँड ३.८ ग्रॅम' (त्या बिनकामाच्या प्रथिनाचं माप) लिहिलेलं होतं, नातीचा टॅब हाताशी होता, चष्मा नाकावर होता. अर्ध्या तासात सगळं समजलं. रात्री जेवताना मी धाकट्याला विचारलं, "अरे, मायलोमात वरण किती खायचं?" सूनबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या दिवसापासून माझ्यासमोर बोलायला लागले, आणि त्याने पुढची सगळी कामं सोपी झाली.

आता त्या खुणांच्या कागदाकडे येते, कारण माझा सगळा उपचार त्यावर बेतलेला आहे.

मायलोमाच्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०१५ मध्ये म्हाताऱ्या रुग्णांसाठी एक मोजमाप तयार केलं. वय ७६ ते ८० असेल तर १ गुण, ८० च्या वर २. अंघोळ-संडासाच्या सहा गोष्टींत चार किंवा त्याहून कमी जमत असतील तर १. फोन-बाजार-पैशांच्या आठ गोष्टींत पाच किंवा त्याहून कमी जमत असतील तर १. मधुमेह, हृदयविकार असे बाकीचे आजार ठराविक मापापलीकडे असतील तर १. बेरीज शून्य आली तर धडधाकट, १ आली तर मधला गट, २ किंवा जास्त आली तर 'फ्रेल', म्हणजे अशक्त. नवी औषधं घेतलेल्या ८६९ रुग्णांवर त्यांनी हे तपासलं. तीन वर्षांनी धडधाकट गटातले शंभरातले ८४ जण हयात होते, फ्रेल गटातले ५७. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटलेला आकडा असा, की वर्षाच्या आत औषध सोडून देणारे धडधाकट गटात शंभरात १७ च्या आसपास, तर फ्रेल गटात ३१.

माझे गुण २. वयाचा १, आणि आठ कामांच्या यादीचा १.

तो दुसरा गुण मला मान्य नव्हता, आणि मी तसं बोलून दाखवलं. "स्वयंपाक करत नाही" यावर फुली पडली. अहो, करत नाही म्हणजे करू देत नाहीत! धुणं मशीन धुतं. बाजार धाकटा येताना आणतो. या याद्या १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाल्या. तिथली म्हातारी एकटी राहते, तिला सगळं स्वतः करावं लागतं. आमच्याकडे सून दारात उभी राहून म्हणते, "आई, तुम्ही बसा बघू." मग येतच नाही आणि करतच नाही यातला फरक कागदाला कसा कळणार? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि प्रश्न बदलला. "सून महिनाभर माहेरी गेली तर?" मी विचार केला. स्वयंपाक ओट्याशी स्टूल घेऊन करीन. बाजार नाही जमणार, पिशवी उचलवत नाही. धुणं नाही, वाकता येत नाही. केर-फरशी नाही. एसटीत चढणं तर नाहीच. म्हणजे आठातली चार. गुण राहिला, पण आता हिशेब पटला.

मग त्यांनी मला चालायला लावलं. फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, मध्ये चार मीटर अंतर. नेहमीच्या चालीने चाला म्हणाले, नर्सने घड्याळ धरलं. एवढ्याने काय कळणार असं मला वाटलं होतं. पण बॉस्टनमध्ये पंचाहत्तरीपुढच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये छापून आलाय. त्यात चालण्याचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरने कमी झाला की मृत्यूचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने वाढलेला दिसला, आणि तोही वय, इतर आजार वगैरे सगळं जमेस धरून. लाखांची मशिनं एकीकडे आणि दोन चिकटपट्ट्या एकीकडे. माझी चाल मंदच निघाली. मात्र डॉक्टर म्हणाले ते मी लिहून ठेवलंय: "आजी, तुमचा निम्मा अशक्तपणा वयाचा नाही, या आजाराचा आहे. मणक्याचं दुखणं आणि अ‍ॅनिमिया कमी झाला की हेच गुण आपण परत मोजू."

खरं भांडण डोसावरून झालं. थोरल्याने इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या गोळ्या, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डॅराटुमुमॅब, अशी चार औषधं एकदम द्या, पैशांची चिंता करू नका, असं तो म्हणत होता. स्टेम सेल ट्रान्सप्लांटचंही त्याने विचारलं. ते आपल्याकडे साधारण पासष्ट-सत्तरीपर्यंतच करतात. माझ्या बाबतीत तो विषय दोन वाक्यांत संपला. डॉक्टरांनी लिहून दिलं ते असं: बोर्टेझोमिब आठवड्यातून एकदाच, पोटाच्या कातडीखाली. डेक्सा तरुणांना ४० मिलिग्रॅम देतात, मला २०. लेनालिडोमाइड सुरुवातीला नाहीच. क्रिएटिनिन १.९ होतं आणि ते औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. आधी मूत्रपिंडं सावरू देत, मग १० मिलिग्रॅमने सुरू करू.

"म्हणजे आईला निम्माच उपचार देणार तुम्ही?" थोरल्याचा आवाज चढला.

इथे मात्र मला माझी बँक आठवली. हप्ता जास्त लावला की कर्ज लवकर फिटतं हे कागदावर. प्रत्यक्षात तिसऱ्या महिन्यात माणूस बुडीत खात्यात जातो. झेपेल तेवढा हप्ता लावला तर तो वर्षानुवर्षं भरत राहतो. मी पोराला हेच सांगितलं आणि डॉक्टर म्हणाले, "माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत." माझ्या वयाला पहिल्या काही महिन्यांत मारतो तो बहुतेकदा जंतुसंसर्ग, किंवा असा त्रास की ज्याने औषधच बंद पडावं. वर दिलेला तो ३१ चा आकडा हाच. कमी डोस म्हणजे हात टेकले असं नव्हे. हेच बोर्टेझोमिब पूर्वी शिरेतून, आठवड्यातून दोनदा देत. ते कातडीखाली दिलं तर गुण तितकाच येतो आणि नसांचा त्रास, म्हणजे हातापायांना मुंग्या-बधिरपणा, कमी होतो, हे २०११ च्या अभ्यासात दिसलं: शिरेतून घेणाऱ्या शंभरातल्या ५३ जणांना त्रास, कातडीखाली घेणाऱ्या ३८ जणांना.

तरी मी त्या ३८ मध्ये आलेच. एका संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून घरात आले तर नात म्हणाली, "आजी, एक चप्पल कुठाय?" चप्पल अंगणातच सुटली होती, मी तशीच चालत आले आणि पायाला पत्ता नाही. पायाचे अंगठे मोज्यात गुंडाळल्यासारखे झाले होते. फोनवर कळवलं, पुढच्या इंजेक्शनचा डोस लगेच कमी झाला. माझ्या वयाच्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की बोटांना मुंग्या आल्या तर "म्हातारपणी व्हायचंच" म्हणून गप्प बसू नका. वेळेवर डोस उतरवला तर हे बऱ्याच अंशी ओसरतं. चालढकल केली तर कायमचं बसतं, आणि मग पडणं, मग खुबा, मग सगळंच. आता घरात मागे पट्टा असलेली सँडल घालते. दिसते बावळट, पण सुटत नाही.

डेक्साची गंमत वेगळी. ती गोळी सकाळीच घ्यायची, तरी त्या रात्री झोप नाही. पहाटे तीनला मी मसाल्याचे डबे पुसून, नव्या चिठ्ठ्या चिकटवून मोकळी. घरच्यांना वाटलं आईला बरं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी साखर ३४० आणि तिसऱ्या दिवशी अंगातलं सगळं वारं गेलेलं, चिडचिड, डोळ्यांत पाणी. मी सांगितल्यावर डेक्सा १० वर आणली. म्हाताऱ्यांच्या मायलोमात स्टिरॉइड हेच पुष्कळदा जास्त छळतं. फ्रान्समध्ये फक्त फ्रेल रुग्ण घेऊन एक मोठा अभ्यास झाला. त्यात एका गटाचं स्टिरॉइड पहिल्या दोन महिन्यांनंतर बंद करून डॅराटुमुमॅब आणि लेनालिडोमाइडवर ठेवलं, दुसऱ्याला जुन्या पद्धतीने लेनालिडोमाइड आणि डेक्सा. स्टिरॉइड सोडलेल्या गटाचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. डॅराटुमुमॅब मला अजून तरी दिलेलं नाही. किंमत हे एक कारण आहेच, आणि ते लपवण्यात काही हशील नाही. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड आपल्या इथल्या कंपन्या बनवतात म्हणून आमच्यासारख्यांना झेपतं.

बाकी सोबतीची औषधं बरीच. नागीण उठू नये म्हणून असायक्लोव्हिर. लेनालिडोमाइडने रक्तात गुठळी होऊ शकते म्हणून छोटी अ‍ॅस्पिरिन. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, पण त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन हलणारे दोन दात काढून घेतले. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणे. आणि एक चांगली गोष्ट झाली, डॉक्टरांनी माझ्या जुन्या गोळ्यांचा डबाच टेबलावर ओतायला लावला. झोपेची गोळी बंद, पेनकिलर बंद, पित्ताची गोळी कोणी का सुरू केली ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून तीही बंद.

शेजारपाजारची औषधं वेगळीच. समोरच्या वहिनी ग्रीन टीचा डबा घेऊन आल्या, कॅन्सरवर फार चांगला म्हणून. ग्रीन टीतला एक घटक बोर्टेझोमिबला चिकटून त्याला निकामी करू शकतो. आम्हाला तो घ्यायचा नाही असं बजावलेलं आहे. डबा मी ठेवून घेतला, त्यांना वाईट वाटायला नको. गुळवेलीच्या काढ्याला मात्र तोंडावर नाही म्हटलं. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीने यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवलेत, आणि माझ्या यकृताला सध्या पुरेशी कामं आहेत.

पुण्याला जाणं हा आणखी एक उपचारच. कोयना एक्सप्रेसने गेलं तरी अर्धा दिवस जातो, आणि माझ्या मणक्याला तो सोसत नाही. थोरल्याचं म्हणणं, पुण्यातच राहा. मी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं, कारण डॉक्टरांनीच मला विचारलं होतं, "आजी, तुम्हाला यातून काय हवंय?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायला वेळ लागला. मी सांगितलं, माझ्या घरात राहायचंय, डोकं शाबूत हवंय, आणि मिरजेतल्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं ते जाऊन ऐकायचंय. किती वर्षं जगायचं याबद्दल मी काही बोलले नाही हे थोरल्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्यावरून ठरलं की आखणी पुण्याची, इंजेक्शन मिरजेत आणि रिपोर्ट फोनवर. दवाखान्यात जाणारा दिवस हाही माझ्या उरलेल्या दिवसांतूनच वजा होतो. तरुण रुग्णाला हे कदाचित एवढं जाणवणार नाही.

सध्याची स्थिती अशी: एम-बँड ०.९, हिमोग्लोबिन १०.८, क्रिएटिनिन १.३. चार मीटर पूर्वीपेक्षा भराभर चालते. बाजारातून कोथिंबीर-मिरची मी आणते, बटाटे नाही. गुण परत मोजले तर २ चा १ झाला. आजार गेलेला नाही, तो जात नाही, दबून राहतो.

हे सगळं आत्ता लिहायला बसले ते माझ्या बँकेतल्या जुन्या मैत्रिणीमुळे. तिचे यजमान ८१ वर्षांचे, इचलकरंजीला असतात. त्यांना अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघालाय, म्हणजे माझ्याहून फार वेगाने धावणारा आजार. घरात दोन तट. एक म्हणतो मोठी केमो द्या, दुसरा म्हणतो या वयात काही करू नका. मोठी केमो, म्हणजे सात दिवस एक औषध आणि तीन दिवस दुसरं, या वयाला सहसा सोसत नाही. पण त्या दोन टोकांच्या मध्येही एक वाट आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अझासायटिडीनची इंजेक्शनं महिन्यातले सात दिवस आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या. २०२० मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या किंवा मोठी केमो न झेपणाऱ्या रुग्णांना हे दिलं. नुसत्या अझासायटिडीनवर निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपुढे जगले, दोन्ही मिळून दिल्यावर १४.७ महिन्यांपुढे. महिन्यांचाच हिशेब आहे, वर्षांचा नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. पहिल्या महिन्यात रक्तपेशी फार खाली जातात, रक्त-प्लेटलेट लागतात, तापाला घाबरून राहावं लागतं.

तिला मी प्रश्न लिहून दिले. जनुकांच्या तपासणीत काय आलं, कारण काही बदलांत हा उपचार छान लागू पडतो आणि काहींत फारसा नाही. बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून औषध चालू करणार का, कारण त्याने व्हेनेटोक्लॅक्स अंगात साठतं आणि डोस खूप कमी करावा लागतो. मज्जा साफ झाल्यावर गोळ्यांचे दिवस कमी करता येतील का. मध्यरात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. काहीच केमो न घेता रक्त देत राहून घरी ठेवायचं ठरवलं तर दुखण्याची-धापेची काळजी कोण घेईल. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांचं आयुष्मान कार्ड २०२४ पासून मिळतं, ते काढा, पण आपलं औषध त्यात बसतं का ते दवाखान्याच्या योजना खिडकीवर आधी विचारा. आणि हे सगळं यजमानांच्या समोर बसून विचारा, बाहेर व्हरांड्यात नाही.

त्यांनी स्वतः ठरवलं, दोन सायकल, म्हणजे उपचाराच्या दोन फेऱ्या, घेऊन बघतो, नाही झेपलं तर थांबतो. सोमवारी पहिलं इंजेक्शन आहे. सांगली, मिरज, इचलकरंजी भागातल्या वाचकांना एक विनंती: प्लेटलेट द्यायला तयार असाल तर जवळच्या रक्तपेढीत नाव आणि नंबर नोंदवून ठेवा. प्लेटलेटची पिशवी पाच दिवसांच्या वर टिकत नाही, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. ऐन वेळी माणूसच लागतो.